गिरणीमालकाची गोल टोपी

मित्रांनो, मी एक जुनी, काळी, गोल टोपी आहे. इंग्लंडातल्या स्टॉकपोर्टच्या कारखान्यात मला वाफ देऊन, ठोकून घडवलं. एखाद्या बँकवाल्याच्या डोक्यावर मिरवायचं सोडून मी एका नटाच्या पदरी पडले.

सिरिल हेब्डन त्याचं नाव. त्याची आई कापडगिरणीत माग चालवायची आणि त्या खडखडाटात बहिरी झाली. तेव्हापासून सिरिल मजुरांचा. संप असो, मोर्चा असो, हा पुढे. पण मेल्याला चेहरा मिळाला होता मालकाचा! जाड मान, बारीक डोळे. नाटकात त्याने विणकराची भूमिका मागितली की मंडळी मला त्याच्या डोक्यावर दाबून म्हणायची, "आरशात बघ, बाबा."

तिकडच्या नाटकांची रीतच अशी, की खलनायक दिसला की प्रेक्षक हुर्यो उडवतात. खेळ संपल्यावर नट पुढे येतात, तेव्हा नायकाला टाळ्या आणि खलनायकाला पुन्हा हुर्यो. जितकी मोठी, तितकी शाबासकी. खाणकामगारांच्या लांबलेल्या संपात सिरिल गावोगाव फुकट खेळ करत हिंडला. उपाशी संपकरी त्याची हुर्यो उडवताना पोट धरून हसायचे. तो मला काढून लवायचा. मग विंगेत मला छातीशी घट्ट धरायचा. ते फक्त मला कळायचं.

पुढे टीव्हीवर संप मोडणाऱ्या शूर पोलीस अधिकाऱ्याचं काम आलं. सिरिलने ते नाकारलं. मग कामंच आटली. तो खाटेला खिळला आणि मला कसर लागली.

नाटकमंडळीची प्रमुख मॉइरा त्याला भेटायला इस्पितळात आली. उशाशी मी होते, शेजारी नर्स औषध ओतत होती.

"मॉइरा, एक मागू?"

"माग की. फक्त नायकाची भूमिका मागू नकोस."

"मला एकदा टाळ्या हव्यात गं. आई एकदाच खेळाला आली होती. तिला ऐकू येत नव्हतं, लोकांची वाकडी तोंडं तेवढी दिसली. रडत घरी गेली बिचारी. टाळ्या तिला दिसल्या असत्या."

मॉइरा खो खो हसली. "तू आणि टाळ्या! म्हाताऱ्या, इथेही नाटकं? घाबरू नकोस, तुला निरोप देताना अशी हुर्यो उडवू की देवसुद्धा दचकेल!"

सिरिलही हसला. ते हसणंच त्याला नडलं.

अंत्यविधीला मला शवपेटीवर ठेवलं. मॉइराने खूण केली. खाणकामगार, त्यांच्या बाया, मोठी झालेली पोरं, सगळे उठले आणि भरल्या डोळ्यांनी, जीव तोडून त्यांनी हुर्यो उडवली. त्यांचं त्याच्यावर फार प्रेम होतं.

मागच्या बाकावरून टाळ्यांचा बारीक आवाज आला. ती नर्स होती. मॉइराने धावत जाऊन तिचे हात धरले.

"अगं बाई, हे काय! त्याला काय वाटेल?"

आता मी कामगार सभागृहात काचेमागे असते. शाळेची मुलं येतात. बाई सांगतात, "ही घालून सिरिल दुष्ट मालक व्हायचा बरं का!" आणि मुलं माझ्याकडे बघून ओरडतात.

मित्रांनो, मला झटकू नका, पुसू नका, कसर माझं काय ते बघून घेईल. पण कधी इथे आलात, तर ओरडू नका. एकदा टाळ्या वाजवा. त्याला त्या ऐकू जाणार नाहीत. तरी वाजवा, आणि तुमचे हात धरायला कुणी आलं तर सोडवून घ्या.