एकोणचाळिसाव्या मिनिटावर

मित्रांनो, मी एक जुने स्टॉपवॉच आहे. रशियातल्या उरल भागातल्या एका कारखान्यात माझी चाके बसवली गेली. पोलाद कारखान्याच्या फुटबॉल संघातले गेन्नादी पावलोविच गुडघा गेल्यामुळे खेळातून निवृत्त झाले, तेव्हा कामगारांनी मला त्यांच्या हातात ठेवले. पुढे ते त्याच संघाचे प्रशिक्षक झाले. नऊ वर्षे माझ्याशिवाय त्यांनी सराव घेतला नाही. "माणसं खोटं बोलतात, हे बोलत नाही," असे ते म्हणत.

आमच्याकडे प्रवासाला निघण्यापूर्वी सगळे मिनिटभर गप्प बसतात. त्या मिनिटात ते मला चावी देत.

त्या काळी लीगमध्ये बारा बरोबऱ्यांनंतर पुढच्या बरोबरीला गुण मिळत नसे. आमच्या बारा झाल्या होत्या. शेवटचा सामना जिंकला नाही, तर संघ खालच्या श्रेणीत जाणार होता.

निघताना सगळे पिशव्यांवर बसले, तोच कारखान्याचे सचिव आत आले.

"काय, गेन्नादी पावलोविच, आजही बरोबरीच का? तुमच्या पोरांना गोल दिसत नाही म्हणे."

"दिसतो. त्याच्यासमोर उभा असलेला माणूसही दिसतो."

"खाली गेलात तर सोमवारी राजीनामा घेऊन या."

गेन्नादी पावलोविच तसेच उठले. मला चावी द्यायची राहिली.

उत्तरार्धातही गोल होईना. मैदानावरचा फलक फक्त गोल दाखवायचा. वेळ माझ्याकडेच होती. उत्तरार्धाच्या पंचेचाळीस मिनिटांपैकी एकोणचाळिसाव्या मिनिटावर माझ्या स्प्रिंगचा ताण संपला. मी थांबले. त्यांच्या मुठीत होते, पण सांगणार कसे?

आम्हाला कॉर्नर मिळाला. गोलकीपर तिमूर मध्यरेषेपर्यंत धावत आला. "मीही पुढे जाऊ?"

"जागेवर जा. सहा मिनिटं आहेत."

बऱ्याच वेळाने पुन्हा कॉर्नर. तिमूर पुन्हा आला.

"सहा मिनिटं आहेत, तिमूर."

"गेन्नादी पावलोविच, मघाशीही सहाच होती."

त्यांनी मला कानाला लावले. टिकटिक ऐकू आली नाही.

"जा! पळ!"

तिमूर पळाला. चेंडू हवेत असतानाच पंचांची सामना संपल्याची शिटी वाजली.

खेळाडूंच्या खोलीबाहेर सचिव म्हणाले, "घड्याळ बिघडलं म्हणे?"

"घड्याळ ठीक आहे. चावी मी दिली नव्हती."

सोमवारी त्यांनी राजीनामा दिला आणि मला खणात ठेवले.

मित्रांनो, ज्या वस्तूवर भरवसा टाकता, तिची विचारपूस रोज करा. आम्ही थांबलो तरी ओरडत नाही. हातात तशाच शांत पडून राहतो.