बाशिंगामागचं लाल कापड

वैजीनाथच्या पत्राला बन्सीधर गुरुजींनी उत्तर दिलं नव्हतं, आणि त्याला आता दोन दिवाळ्या उलटून गेल्या होत्या. पत्र तसं कामाचंच होतं. हैदराबादेत लग्नाचं सामान विकणारा एक दुकानदार वैजीनाथच्या ओळखीचा. मराठी घरांसाठी तो बाशिंगं लांबून मागवायचा. 'आपल्या मानवतच्या कस्तुराबाई बाशिंगं करतात, त्यातल्या एकाचा चांगला फोटो पाठव. पुस्तकातून डोकं काढून एवढं कर,' असं वैजीनाथनं लिहिलं होतं.

कॅमेराही वैजीनाथचाच. गुरुजींच्याच शाळेतली मास्तरकी सोडून हैदराबादच्या सरकारी दफ्तरात गेला तेव्हा देऊन गेला. पुढे राज्यांची वाटणी झाली, मानवत मुंबई राज्यात आलं आणि वैजीनाथ तिकडचाच झाला. गावात गुरुजींना नमस्कार करणारे पुष्कळ होते. 'अरे बन्सी' म्हणणारा कुणी उरला नव्हता.

फोटो त्यांनी तेव्हाच काढला होता, भर दुपारी अंगणात. बाशिंगाची बेगड उन्हात अशी पेटली, की कागदावर नुसता पांढरा डाग उमटला. असला फोटो पाठवून स्वतःची शोभा कशाला करून घ्या? चांगला निघाला की लिहू, म्हणून ते थांबले. मग उशीर झाल्याची लाज वाटू लागली, आणि त्या लाजेनं आणखी उशीर झाला. आता तर वैजीनाथनं आपलं नाव टाकलं असेल, अशी त्यांची खात्रीच झाली होती.

यंदा त्यांनी मनाशी ठरवलं: फोटो नीट काढायचा आणि पाकिटात घालून नुसता धाडून द्यायचा. लिहायचं काहीच नाही.

बाशिंग घेऊन कस्तुराबाई आल्या, तो गुरुजींनी भिंतीला काळी घोंगडी लावलेली. त्या दारातच थबकल्या.

"काळ्यावर? गुरुजी, लग्नाचं हाय ते! काळं न्हाई चालायचं."

"मग पांढरं धोतर लावतो."

"मयतावर पांघरायलाव का? लय शिकलेले तुमी, अन् एवढं कळंना?"

घरी जाऊन त्या लालभडक कापडाचा नवाकोरा तुकडा घेऊन आल्या.

गुरुजींनी ते भिंतीवरून टेबलावर सैल सोडलं, मध्ये घडी पडू दिली नाही. अंगणाकडच्या खिडकीला पातळ धोतर ताणून बांधलं. ऊन बाहेर राहिलं आणि उजेड तेवढा दुधासारखा आत आला. बेगड आता डोळ्यांत खुपत नव्हती. बाशिंगाची एक बाजू अंधारात बुडत होती. तिकडे पांढरा कागद चिकटवलेला पुठ्ठा उभा केला, तशी मण्यांना तरतरी आली. कॅमेऱ्याला जवळचं धूसर दिसे, म्हणून जुन्या चष्म्याची काच मेणानं त्याच्या डोळ्याशी लावली. उंची साधायला कॅमेऱ्याखाली पुस्तकं रचली. उजेड मंद, म्हणून खटका जरा वेळ दाबून धरला आणि श्वास रोखला. घरात दुसरं माणूस नसल्याचा आज पहिल्यांदाच उपयोग झाला: जमीन हलवणारं कुणी नव्हतं.

फिल्मचा रोल परभणीच्या स्टुडिओत धुवून आला. मणी न् मणी मोजून घ्यावा असा फोटो! पण मागे काळाकुट्ट अंधार.

कस्तुराबाई नवऱ्याला, आश्रुबाला, घेऊन बघायला आल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. "शेवटी काळ्यावरच ठिवलं न्हाई का?"

"नाही हो, तुमचंच कापड..." कुणी रोखून पाहिलं, की खरं बोलतानाही आपण खोटं बोलतोय असं गुरुजींना वाटे.

आश्रुबा भिंतीवरच्या फोटोकडे बघत होता. गुरुजींच्या आईचा होता तो. "अगं, ह्या माउलीचं कुंकू बघ. काळंच हाय की."

कस्तुराबाईंनी पदरानं काच पुसली, पुन्हा हातातला फोटो पाहिला. "मंजी फोटूत लाल काळं दिसतंय?"

"तर! अन् मी आधीच काळा, मी तर दिसायचाच न्हाई."

त्या हसल्या, पण फोटो हातातून सोडेनात. "पर त्या दुकानवाल्याला कसं कळावं? गुरुजी, मागचं कापड लाल हाय म्हणून लिवा. त्याबिगर हे जायचं न्हाई."

"मी... नुसताच फोटो पाठवणार होतो."

"दोस्ताला?" आश्रुबा म्हणाला. "मुकं पाकीट कोण धाडतंय, गुरुजी?"

ते दोघं गेल्यावर गुरुजींनी टाक उचलला. 'मागचं कापड लाल आहे.' एकटं वाक्य फार उद्धट दिसत होतं, म्हणून वर 'प्रिय वैजीनाथ' घातलं. मग ते काळं का दिसतं ते सांगावं लागलं, मग खिडकीचं धोतर, मग चष्म्याची काच. आणि मग उशीर. तिथं ते बराच वेळ अडले. 'पहिला फोटो बिघडला, त्याची लाज वाटली,' असं लिहिलं. कारण इतकं लहान निघालं, की कागद फाडावासा वाटला. 'संध्याकाळी बोलायला कुणी नसतं,' असंही एक वाक्य आलं. ते त्यांनी खोडलं, आणि खाली पुन्हा लिहिलं.

फोटो वाकू नये म्हणून पाकिटात पुठ्ठा घातला होता. त्यामुळे ते टपालपेटीच्या तोंडाशी अडकलं. आता काढून घेता आलं असतं. गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि बोटांनी ते आत ढकललं.