हमाल या शब्दाचं मूळ

"जपून हो, आत शब्दकोश आहेत," पाहुणे प्राध्यापक म्हणाले.

"असू द्या साहेब. वजन काय, वजनच." हमालाने पेटी डोक्यावर चढवली.

स्टेशनचा जिना चढताना म्हाताऱ्या प्राध्यापकांना बोलायची हुक्की आली. "हमाल हा शब्द कुठून आला, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"अरबीतून. हम्ल म्हणजे ओझं." दम घेऊन तो पुढे म्हणाला, "आणि बाईच्या पोटातलं मूल, तेही हम्लच."

पाहुणे पायरीवरच थबकले.

हमालाची लेक कॉलेजात शिकत होती तेव्हा एकदा हा शब्द शिकून धावतच घरी आली होती. "बाबा, तू आणि आई एकच काम करत होतात बघ!" तिची आई बाळंतपणातच गेली होती. त्या दिवसापासून त्याला दंडावरच्या बिल्ल्याची लाज वाटेनाशी झाली. आता लेक त्याच कॉलेजात भाषा शिकवत होती. वडील रेल्वेत आहेत, असं सांगायची. खोटं काहीच नव्हतं त्यात.

फाटकापाशी स्वागताला प्राचार्य उभे होते. शेजारी हातात फुलं घेऊन लेक. पाहुणे तिच्याच कॉलेजात आले आहेत, हे त्याला तेव्हा कळलं.

"अहो, तुमचे हमालसुद्धा व्युत्पत्ती सांगतात!" पाहुणे त्याच्याकडे वळले. "कुणी शिकवलं हे?"

त्याने लेकीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. नजर फुलांवरून हलत नव्हती.

"होती एक प्रवासी, साहेब," तो म्हणाला. "कधीच उतरून गेली."

"बघा बाई, तुमची नोकरी धोक्यात!" प्राचार्य म्हणाले. सगळे हसले. तीही हसली.

त्याने पेटी गाडीत सरकवली.

"नीट ठेवा हं," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदाच तिने त्याला अहोजाहो केलं.

संध्याकाळी घरी ती बराच वेळ घुटमळली.

"बाबा, आज सांभाळून घेतलंस."

"हं."

"खांदा दुखतोय ना? मलम लावून देते."

"राहू दे. लावतो मी."

ती आत वह्या तपासायला बसली. त्याने सदरा काढला, बोटावर मलम घेतलं. दुखत होतं पाठीकडे, हात तिथवर पोचेना. दोनदा खटपट करून त्याने बोट पंच्याला पुसलं आणि सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावली.

"लागलं का रे नीट?" आतून तिने विचारलं.

"लागलं," तो म्हणाला.