बोर्डावर चिकटवलेली कांडी

मी कांडी बोलतेय. मागावरची, लाकडाची. कांडी म्हणजे काय, असं विचारावंसं वाटलं तर खुशाल विचारा, त्यात लाजायचं काही नाही. हल्ली सोलापुरातल्या पोरांनाही आम्ही ठाऊक नसतो. कापडाचा आडवा धागा आमच्या अंगावर गुंडाळतात, आम्हाला धोट्याच्या पोटात बसवतात आणि तो धोटा मागावर इकडून तिकडे पळत सुटतो. धागा संपला की कांडी बाहेर, दुसरी आत. सोलापूरची चादर पांघरून तुम्ही कधी झोपला असाल, तर आपली ओळख जुनीच आहे.

माझं तरुणपण शहराच्या पूर्व भागात, एका तेलुगू घराच्या कारखान्यात गेलं. खटखटीनं कान किटायचे. तिथंच एकदा धोट्यातून उडून फरशीवर आपटले आणि बुडाचा टवका उडाला. तेव्हापासून मला नीट उभं राहता येत नाही. तरी मालकांनी कधी फेकली नाही, वापरत राहिले.

मग माग बंद पडले. भंगारवाला आला, लोखंड वजन करून घेऊन गेला. आमच्याकडे बघून म्हणाला, "लकडी का क्या करूं मैं?" आम्ही एका पोत्यात गेलो आणि पोतं माळ्यावर गेलं. थंडी पडली की म्हातारे मालक पोत्यात हात घालायचे, मूठभर कांड्या काढायचे आणि अंघोळीच्या बंबात टाकायचे. दर खेपेला वाटायचं, आता आपली पाळी.

पण त्या घरची सून मोठी चिवट बाई. धनलक्ष्मी तिचं नाव. कुंभारीला कामगारांच्या वसाहतीत बालवाडी चालवायची. एके सकाळी तिनं सासऱ्यांचा हातच धरला.

"मामा, ह्या जाळू नका. माझ्या पोरांना लागतात."

"पोरांना कांड्या? चेंडू घेऊन दे की त्यांना."

"चेंडूचा चेंडूच होतो, मामा," ती म्हणाली आणि पोतं खाली घेतलं.

तिच्या बोलण्याचा अर्थ मला नंतर कळला. आसपासच्या बालवाड्यांच्या बाया दर शनिवारी, पोरं घरी गेली की, कुणा एकीच्या वर्गात जमायच्या. धम्मप्रियाबाई शहरातल्या एका वस्तीतून यायच्या, पिशवीभर चिंचोके घेऊन. कुणी चादरीच्या चिंध्या आणायची, कुणी ज्वारीच्या धाटांचे तुकडे. सगळं सतरंजीवर ओतायचं आणि आधी स्वतः खेळायचं, तेही गप्प राहून. चाळिशीच्या बाया मांडी घालून चिंचोक्यांची रांग लावतायत, कांड्यांचा मनोरा पडला म्हणून हळहळतायत, हे बघून मला आधी हसूच आलं. त्यांचा एकच नेम होता. हे कशासाठी आहे ते पोरांना सांगायचं नाही. पोरंच आपल्याला सांगतील.

आणि पोरं सांगायची! मी लाटणं झाले, मोबाईल झाले, डॉक्टरचं इंजेक्शन झाले. एकानं तर मला विडी म्हणून ओढलं. त्याची आई घरी दिवसभर विड्याच वळायची, त्याचा तरी काय दोष? इतकी वर्षं मी एकच काम केलं होतं. म्हातारपणी माझं कौतुक झालं आणि मी खरंच सुखावले.

त्या वर्गात सोनम होती. चार वर्षांची, धनगराची पोर. आईबाप ऊसतोडीला गेलेले, पोरगी आजीजवळ ठेवलेली. आजीचं नाव केराबाई, शेरडं-मेंढरं राखायची. सोनम वर्गात एक अक्षर बोलायची नाही. गाणं नाही, हाक नाही, रडणंसुद्धा बिनआवाजाचं. शेजारपाजारचे तिला मुकी म्हणून मोकळे झाले होते. धनलक्ष्मीबाईंनी मात्र तिला कधी "बोल, बोल" केलं नाही. टोपली तिच्यापुढं ठेवायच्या आणि आपलं काम करत बसायच्या.

सोनमनं आम्हाला सतरंजीवर एकेक करून उभं केलं. आमचा कळप झाला. चिंध्यांचं कुंपण झालं. मी काही केल्या उभी राहीना, सारखी कलंडत होते. तिनं मला उचललं, माझ्या टवक्यावरून बोट फिरवलं आणि एका थोराड कांडीच्या पोटाशी आडवं ठेवलं. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली,

"ह्ये पीत न्हाय की."

धनलक्ष्मीबाईंच्या हातातली कात्री तशीच राहिली. पण बाई शहाणी. ओरडली नाही, टाळ्या पिटल्या नाहीत. जवळ सरकून हळूच विचारलं, "मग काय करायचं गं?"

"बोटानं पाजायचं. ल्हान हाय."

मी कोकरू झाले. त्या दिवसापासून सोनम दारातूनच "माजं कोकरू कुटं हाय?" असं ओरडत यायची. दुसऱ्या पोरांना सांगायची, असं धरायचं न्हाय, मान मोडंल. केराबाई शेरडाच्या दुधाचा तांब्या घेऊन बालवाडीच्या दारात आली आणि म्हणाली, "बाई, माज्या नातीचं त्वांड उघाडलं. लई गुन आला तुमच्या साळंचा." म्हातारीचे डोळे भरून आले होते.

इथंच माझी गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं.

धनलक्ष्मीबाईंनी ही हकीकत बालवाड्या चालवणाऱ्या संस्थेच्या बैठकीत सांगितली. सगळ्यांना फार आवडली. मोठे पाहुणे बघायला येतील, असं ठरलं. आधी संस्थेचे एक साहेब येऊन वर्ग पाहून गेले. माणूस वाईट नव्हता. टोपलीकडे बघून एवढंच म्हणाला, "कल्पना छान आहे, बाई. पण सगळं विखुरलेलं दिसतंय. जरा एका जागी, डोळ्यात भरेल असं मांडा."

बाई हुरळल्या. हुरळणारच की. इतकी वर्षं 'कचरा गोळा करणारी बाई' म्हणून नाव पडलेलं, आणि आता कौतुकाचे दोन शब्द कानावर आले होते. रविवारी सगळ्या मैत्रिणी बोलावल्या. प्लायचा मोठा बोर्ड आणला, त्याला निळा कागद लावला, वर 'टाकाऊतून टिकाऊ' अशी सोनेरी अक्षरं. चिंचोक्यांची वेल, चिंध्यांची पानं, कांड्यांचं भलंमोठं फूल. ग्लू गन गरम झाली. धम्मप्रियाबाईंनी एकदाच हात थांबवला.

"अक्का, सगळंच चिकटवलं तर पोरांच्या हातात काय राहणार?"

"पाहुणे गेले की काढू गं. परवाचं काय, आत्ताचं बघ."

मी त्या फुलाची पाकळी झाले. पाठीला चटका बसला आणि मग काही हलेचना. मागावर मी आयुष्यभर पळले होते. बंद पडणं म्हणजे काय, ते मला त्या दुपारी समजलं.

सोमवारी सोनम नेहमीसारखी ओरडतच आली. टोपली रिकामी. तिनं इकडं तिकडं बघितलं, बोर्डावर मला ओळखलं आणि धावत येऊन दोन्ही हातांनी मला ओढायला लागली. बोर्ड हलला, वेलीचे चिंचोके गळाले. नेमकी तेव्हाच बाहेर पाहुण्यांची गाडी थांबली.

"ए सोनम! हात लावू नको!" धनलक्ष्मीबाई ओरडल्या. त्या वर्गात हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. सोनमनं हात काढला. बाईंनी घाईघाईनं सगळ्या पोरांना ओळीत बसवलं, "हाताची घडी, तोंडावर बोट!" म्हणून गप्प केलं. पाहुण्यांनी बोर्डासमोर फोटो काढले आणि सोनमच्या डोक्यावरून हात फिरवून विचारलं, "हीच का ती बोलायला लागलेली मुलगी? बोल बघू बाळ!" सोनम जमिनीकडे बघत राहिली.

बोर्ड निघाला नाही. पाहुण्यांना तो इतका आवडला की प्रत्येक बालवाडीत असाच हवा, असा निरोप आला. मला भिंतीवर उंच टांगलं, पोरांचा हात पोचू नये म्हणून. शनिवारी बाया जमत राहिल्या, पण आता बोर्ड करायला. गावोगावच्या टोपल्या रिकाम्या झाल्या. वैरागच्या एक बाई तर नवी कोरी मणी-बटणं बाजारातून विकत आणून चिकटवत होत्या.

सोनम थोडे दिवस आली. बोर्डाखाली उभी राहायची, मान वर करून. मग यायची बंद झाली.

परवा केराबाई बाईंना वाटेत भेटली. म्हणाली, "पोर आता घरात बी बोलत न्हाय. शेरडाला बी हाक घालत न्हाय." ते ऐकून बाई थेट वर्गात आल्या, स्टुलावर चढल्या, बोर्ड खाली घेतला आणि सुरीनं मला खरवडून काढलं. पाठीचं लाकूड सोलून निघालं, मधोमध उभी चीर गेली. पण मला त्याचं काही वाटलं नाही. मनात म्हटलं, चला, सुटले!

केराबाईच्या अंगणात बाई मातीतच बसल्या. मला पुढं ठेवलं.

"सोनम, बघ गं कोण आलंय. भूक लागलीय ह्याला."

"घे की गं, तुजंच हाय," केराबाई म्हणाली.

सोनमनं माझ्याकडे पाहिलं. ओळख तिच्या डोळ्यांत आली, ती मी पाहिली. मग तिनं बाईंकडे पाहिलं. मांडी घालून ताठ बसली, एका हाताची घडी छातीशी धरली आणि दुसऱ्या हाताचं बोट तोंडावर ठेवलं.

बाई हुंदके देऊन रडल्या. केराबाईला वाटलं, पोर शाळेची आठवण काढतेय, शहाण्यासारखी बसलीय. ती म्हणाली, "बगा, इसरली न्हाय तुमी शिकिवल्यालं."

आता मी धनलक्ष्मीबाईंच्या पर्समध्ये आहे, चिल्लर आणि चाव्यांच्या सोबतीला. उद्या शनिवार. उद्या आणखी एका बालवाडीचा बोर्ड व्हायचा आहे आणि त्याला नाही म्हणायचं बाईंना धाडस होत नाही. ही चीर वाढत जाऊन माझे दोन तुकडे होतील. मग मला बंबात घाला, माझी काही तक्रार नाही. लाकूड आहे, जळेन. पण तुमच्यापैकी कुणी कधी कुंभारीकडे गेलात, तर त्या अंगणात थोडं थांबा, आणि त्या पोरीच्या तोंडावरचं बोट तेवढं खाली घ्या हो.