उमरोळीच्या वरातीतला बँजो

मित्रांनो, लग्नाच्या वरातीत तुम्ही माझ्या सुरांवर नाचला असाल, पण माझ्याकडे कधी नीट पाहिलं नसेल. मी बँजो आहे, वयाने बराच जुना. लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि बटणांची एक रांग, एवढंच माझं रूप.

पालघरच्या एका कारागिराने मला घडवलं आणि नवापूरच्या दादूने घरी आणलं. दादू होडीवर जाई आणि लग्नसराईत मला वाजवी. हात त्याचा फार गोड. पण दुसऱ्या कुणाला दाद मिळाली की तो स्पीकरवर माझा आवाज वाढवी. ट्रंपेटवाला खट्टू होई, ढोलकीवाला चिडे. हळूहळू साथीदार दुसऱ्या बँजो पार्ट्यांत गेले आणि आम्हाला कुणी बोलावेनासं झालं. मी भिंतीला टांगलेला राहिलो. खाऱ्या हवेने माझ्या तारा गंजल्या.

मला खाली काढलं दादूच्या लेकीने, दीपाने. ती बोईसरच्या कारखान्यात कामाला होती. तिने नव्या तारा चढवल्या, कामावरून आली की मला घेऊन बसायची. मग एकदा ती कमलाकांतांच्या बँजो पार्टीत काम मागायला गेली. ते म्हणाले, "उमरोळीच्या वरातीला ये. जमलं तर राहा."

पार्टीतल्या अंकुशला हे रुचलं नाही. तो ट्रंपेट वाजवी. "ही आपली पार्टी हाय का शाळेचं गॅदरिंग?" तो तिच्यासमोरच म्हणाला.

वरातीच्या दिवशी दीपा सगळ्यांच्या आधी पोचली. अंकुश आल्यावर तिने विचारलं, "दादा, तुमी कुठल्या सुरात वाजवणार? मी जुळवून घेते."

वरात निघाली. अंकुशने धून सुरू केली, ती रंगली, आणि मध्येच त्याला जोराचा ठसका लागला. नाचणारे थांबले. दीपाने तीच धून तिथूनच उचलली आणि पाय पुन्हा हलू लागले.

नवऱ्याचा मामा पुढे आला. "तो भोंगा राहू दे. पोरी, तूच वाजव."

मी शहारलो. इतक्या वर्षांनी कुणी मला मागत होतं. दीपाने मात्र माझा आवाज कमी केला.

"मामा, ही धून अंकुशदादांची हाय. तेच पुरी करतील. मी साथीला हाय."

अंकुशने ते ऐकलं. पाणी पिऊन त्याने ट्रंपेट ओठांना लावलं. ते असं वाजलं, की घरांतली माणसं ओट्यावर आली. मी खालून हलकेच साथ करत होतो. धून संपली तेव्हा अंकुश स्वतः बाजूला सरकला.

"दीपा, पुढं ये. आता तुझी बारी. आवाज वाढव."

मग काय सांगू! माझ्या तारा मोकळ्या सुटल्या. आज्या नाचल्या, मामा नाचला, नवरासुद्धा गाडीतून उतरला. मांडवाशी पोचल्यावर कमलाकांतांनी अंकुशकडे पाहिलं.

"मला काय विचारता?" अंकुश म्हणाला. "बँजोवर हीच पायजे."

आज आमची पार्टी गावोगावी जाते. दीपा रोज मला कोरड्या फडक्याने पुसते, मगच झाकते. मित्रांनो, तुमचं वाद्यही असंच जपा. आणि शेजारी कुणी वाजवत असेल, तर त्याचं पूर्ण होऊ द्या. मग तोच तुम्हाला पुढे बोलावेल.