यजमान बसत नाही

ऑस्ट्रियन युद्धकैद्यांच्या नव्हे, सर्ब युद्धकैद्यांच्या ऑस्ट्रियन छावणीचा म्हातारा मेजर देवभोळा होता. म्हणजे उपाशी कैद्यांना दिवसभर फटके मारायला लावून संध्याकाळी प्रार्थनेला वेळेवर हजर राहायचा. १९१६च्या शरदात कुणीतरी त्याच्या कानावर घातलं, की प्रत्येक सर्ब कुळाचा एक संत असतो आणि त्या संताचा दिवस, म्हणजे स्लावा, हा त्या घरचा सगळ्यात मोठा सण. मेजर विरघळला. त्यानं हुकूम काढला: ज्याचा स्लावा असेल त्याला त्या दिवशी अख्खा पाव, आणि मार माफ.

आता चार नंबरच्या बराकीत माणसं एकवीस आणि त्यातल्या सतरा जणांचा संत एकच, निकोला. एका दिवशी सतरा पाव आणि एरवी सलगमाचं पाणी, असला हा प्रकार. त्यातलाच तिहोमिर टायफसातून नुकता उठला होता. उठला म्हणजे मेला नव्हता, इतकंच. दोन-तीन दिवसांआड अर्धा पाव जास्त मिळाला तरच तो जगणार, हे उघड होतं. तो बराकीतल्याच वुकोसावचा कूम, त्याच्या मुलांचा धर्मपिता. अशा माणसाला मरू देऊन वुकोसाव कुठल्या तोंडानं गावी जाणार?

वुकोसाव गावच्या चर्चमध्ये घंटा वाजवायचा, त्यामुळे सगळे संत त्याला तोंडपाठ. त्यानं ते बसल्या जागी वाटायला घेतले, म्हणजे पाव वेगवेगळ्या दिवशी येतील.

"तू लूका घे. तू दिमित्री. राडोये, तुला थोमा."

"माझा आजा थडग्यातून उठून येईल," राडोये म्हणाला.

"येऊ दे. त्यालाही सलगम वाढू."

लांडग्यांचा संत म्राता कुणी घेईना. तो वुकोसावनं स्वतःला घेतला. मनातल्या मनात आपल्या कुळाच्या निकोलाची माफी मागताना त्याला रडू आलं.

यादी हवालदार हावलिककडे गेली. मग दर दोन-तीन दिवसांनी कुणाचा ना कुणाचा स्लावा येऊ लागला, आणि अर्धा पाव तिहोमिरच्या पोटात जाऊ लागला.

"इतके संत तुमच्या बाजूला," हावलिक एकदा वैतागून म्हणाला, "मग तुम्ही इथं कसे सापडलात?"

"आमचं कॅलेंडर तेरा दिवस मागं आहे, साहेब," वुकोसाव म्हणाला. "ते अजून वाटेत आहेत."

डिसेंबरात खरा निकोलाचा दिवस उजाडला. सगळे बाकांवर बसून सलगम सोलत होते आणि वुकोसाव उभ्यानं. स्लाव्याच्या दिवशी यजमान बसत नाही. तो पाहुण्यांना वाढत उभा राहतो. तीस वर्षांची सवय, त्याच्या लक्षातही आलं नाही.

"बस," हावलिक म्हणाला.

आणि वुकोसावला बसवेना. संताला नाकारलं ते नाकारलं, वर त्याच्याच दिवशी बूड टेकायचं?

"पाय आखडलेत, साहेब."

हावलिकनं यादी पाहिली. "तू म्राताचा. तुझा सण झाला की. उभं राहायची हौस आहे ना? मग राहा."

शिपायांनी त्याला बाहेर बर्फात खांबाला बांधलं. हात मागे वळवून इतके वर ओढले, की पायांचे अंगठे जेमतेम टेकत होते. गेल्याच आठवड्यात त्या खांबानं एकाचे दोन्ही हात कायमचे निकामी केले होते. 'आज माझा स्लावा आहे' एवढं म्हटलं असतं तर तो सुटला असता. पण मग यादी खोटी ठरली असती, पाव बंद झाला असता आणि तिहोमिरही संपला असता. वुकोसावनं दात आवळले.

दुपारी सूपची रांग खांबाजवळून सरकू लागली. राडोये जवळ आला आणि पुटपुटला, "स्लावा सुखाचा होवो, यजमान." मागचाही तेच म्हणाला. त्याच्या मागचाही.

"काय बडबडतायत?" हावलिकनं विचारलं.

"शिव्या देतायत, साहेब. माझ्यामुळं सूप निवलं."

"द्या, द्या," हावलिक खूश होऊन म्हणाला आणि स्वतःच्या वाडग्याकडे वळला.

रांगेच्या शेवटी तिहोमिर होता. दीड महिन्यात तो पहिल्यांदाच बाहेर आला होता, भिंत धरत धरत, पण स्वतःच्या पायांनी. त्यानं पावाचा तुकडा वुकोसावच्या तोंडात घातला.

"बोलावलं नव्हतंस. तरी आलो, कूम."

"स्लाव्याला कधी कुणाला बोलावतात का?" वुकोसावच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "लांबून आलायस. बस जरा."

"आणि तू?"

"मी कसा बसू? घरात पाहुणे आहेत."