चौथी पाटी

भाईदासनं 'दुकान' एवढा शब्द कोरला आणि मशीन थांबवलं. टर्रर्र असा तो कानात किडा शिरल्यासारखा आवाज बंद झाला, तसं अख्खं दुकान गप्प झालं. मांडीवरची पितळी पाटी त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसली, उजेडाकडे धरून पाहिली आणि खाली ठेवली.

"काय झालं, नाना? लाईट गेली का?" गल्ल्यावरून अर्पितनं विचारलं.

"लाईट शे ना."

"मग थांबलात का? पुढचा शब्द राहिलाय."

"मन्हाकडतीन नही व्हवाव," भाईदास म्हणाला आणि चष्मा काढून पुसू लागला.

अर्पितला आधी वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. सुभाष चौकाजवळच्या या भांड्यांच्या दुकानात भाईदास चाळीस वर्षं भांड्यांवर नावं घालत होता. जळगावातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत त्याचं अक्षर होतं. कुणाच्या लग्नाची तारीख, कुणाच्या बारशाची वाटी, 'मामांकडून सप्रेम भेट'. कधी हात थरथरला नाही, कधी काना-मात्रा चुकली नाही. आणि आज दोन शब्दांतला दुसरा शब्द त्याच्याकडून होईना!

पाटी काही नवी नव्हती. अशा तीन पाट्या त्यानंच कोरल्या होत्या. एक इथे, गल्ल्याच्या वर. दुसरी भुसावळच्या दुकानात, तिसरी धुळ्याच्या मोठ्या शोरूममध्ये. तिन्हींवर मजकूर एकच: 'दुकान वाढव. — शांतीलालजी'. चौथी नरडाण्याच्या कारखान्यासाठी होती. परवा तिथे भूमिपूजन. आता भांडी नुसती विकायची नाहीत, बनवायचीसुद्धा, असं अर्पितनं ठरवलं होतं. ठरवलं होतं म्हणजे काय, त्याला ठरवावंच लागलं होतं. वडिलांचा, बाबूजींचा, शेवटचा शब्दच होता तो.

नऊ वर्षांपूर्वी, अखाजीच्या आदल्या दिवशी, शांतीलालजी दवाखान्यात वारले. अर्पित त्या वेळी दुकानात होता. अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, लग्नांचा हंगाम, माणूस माणसाला चेंगरतं. 'उद्या सकाळी नक्की येतो' असं तो बाबूजींना सांगून आला होता. सकाळी गेला तो त्यांना न्यायलाच. पलंगाची चादर बदलत सिस्टर म्हणाली, "आजोबा शेवटचं एवढंच बोलले हो. 'अर्पितला सांगा, दुकान वाढव.' मग काही बोलले नाहीत."

झालं. त्या दिवसापासून अर्पितच्या पायाला भिंगरी लागली. वर्ष सरायच्या आत भुसावळ, मग धुळे. लोक म्हणायचे, पोरगा असावा तर असा. त्यालाही सुरुवातीला बरं वाटायचं. मग हळूहळू काहीच वाटेनासं झालं. जेवणाला चव लागेना, ओळखीच्या गिऱ्हाइकाचं नाव आठवेना, अंथरुणावर पाठ टेकली की डोळे टक्क उघडे. आणि रोज दिवस मावळताना कानाशी तो आवाज. दमलेला, हळू, अगदी बाबूजींचा. 'दुकान वाढव.' कुठेही असला तरी यायचा. गर्दीत यायचा, गाडीत यायचा. एकदा तर देरासरात मूर्तीपुढे हात जोडून उभा असताना आला. अर्पितला त्याची भीती वाटायची, आणि भीती वाटते याची लाज वाटायची. बापाच्या आवाजाला कुणी भितं का?

मागच्या सोमवारी तर कहरच झाला. पारोळ्याच्या पुढे, हमरस्त्याच्या कडेला त्यानं गाडी उभी केली, कारण आपण धुळ्याला निघालोय की धुळ्याहून येतोय, हेच त्याला कळेना. तासभर तसाच बसून राहिला. मग बायकोला फोन लावला.

"हर्षिता, मी कुठे चाललोय?"

पलीकडे हर्षिताचा जीव टांगणीला लागला असणार, पण बाई धीराची. "घरी," ती म्हणाली. "तुम्ही घरी चाललाय. तिथेच थांबा, मी येते." ती भाड्याची गाडी करून आली, त्याला घेऊन गेली आणि त्या दिवशी गाडीच्या किल्ल्या तिनं आपल्या पदराला बांधल्या. डॉक्टर म्हणाले, दोन महिने दुकानाचं नाव काढू नका; आत्ता थांबला नाहीत तर पुढच्या वेळी गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहीलच असं नाही. अर्पितनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी रिक्षानं दुकान गाठलं. हर्षिता रडली, भांडली, शेवटी म्हणाली, "निदान नरडाणा तरी राहू द्या."

"शब्द आहे बाबूजींचा," तो म्हणाला.

आणि आता हा भाईदास.

"नाना, तब्येत बरी नाही का? उद्या करा."

"उद्या बी नही." भाईदासनं मशीनची वायर गुंडाळायला घेतली. "तीन पाट्या कऱ्यात. तीनदाव पाप कऱं. आते बस."

"पाप? बाबूजींचे शब्द कोरले ते पाप?"

म्हाताऱ्यानं मान वर केली. डोळे भरलेले. "तुन्ही मायले, अक्काले इचार. बठ्ठं तिले मालूम शे. मन्हा तोंडले तिनी शपथ शे."

अर्पित गल्ल्यावरून उठला. अर्धी पाटी कागदात गुंडाळून त्यानं बगलेत मारली आणि रिक्षा थांबवली.

पिंप्राळ्यात रिक्षा शिरली तेव्हा मार्गशीर्षातलं ऊन भिंतींवरून वर सरकत चाललं होतं. साडेपाच वाजायला आले होते. या वेळेला तो कित्येक वर्षांत घरी आला नव्हता. दार उघडून हर्षिता बघतच राहिली. "बरं वाटत नाही का?" तिनं विचारलं. त्यानं मान हलवली आणि आत गेला.

स्वयंपाकघरात त्याची आई सूरजबाई चोविहाराला बसायच्या बेतात होत्या. सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, हा त्यांचा आणि शांतीलालजींचा जन्माचा नेम. शांतीलालजी तर त्यापायी बाजारात प्रसिद्ध होते. दारात गिऱ्हाईक उभं असो की अख्खं वऱ्हाड, दिवस कलला की ते उठायचे. लोक हसायचे, 'शेठजी, लक्ष्मी दारातून परत जाते.' ते म्हणायचे, 'तिलाही घर आहे, जाऊ द्या.' आणि अर्पितला हाक मारायचे, 'मंगल कर, बेटा.' घरी येऊन बापलेक एका ओळीत जेवायला बसायचे. मुलाचं ताट मांडल्याशिवाय बापानं घास उचलला नाही कधी.

सूरजबाईंच्या समोर ताटात मुगाची खिचडी होती. शेजारी एक ताट पालथं घातलेलं.

"बाई," अर्पित आईला म्हणाला, "भाईदास नानांनी पाटी अर्धी सोडली. म्हणाले, तुला विचार."

सूरजबाईंचा हात वाटीवर थांबला. "अर्धी म्हणजे कुठवर?"

त्यानं कागद सोडून पाटी पुढे केली. त्यांनी त्या एकाच शब्दावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "बस."

तो जमिनीवर बसला.

"सिस्टरनं तुला काय सांगितलं होतं?"

"तूही होतीस ना तिथे! 'अर्पितला सांगा, दुकान वाढव.'"

"त्याच्या आधीचं नाही सांगितलं तिनं. मी पाणी आणायला खाली गेले होते. ताटली समोर होती, खिचडीला हात लावला नव्हता त्यांनी. वर आले तर ती दारातच भेटली. म्हणाली, 'आजोबा सारखं खिडकीकडे बघतायत. म्हणतायत, दिवस कलला, अर्पितला सांगा, दुकान वाढव.'" सूरजबाईंनी पाटी बाजूला ठेवली. "मी तिथूनच तुला फोन लावला."

अर्पितला तो फोन माहीत होता. सहा बत्तीस. गर्दीत, भांड्यांच्या खणखणाटात ऐकूच आला नव्हता. नऊ वर्षांत दोन मोबाईल बदलले, पण ते आकडे डोळ्यांपुढून गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं होतं, बाई, फोन कशाला केला होतास?

"तू म्हणालीस, सहज केला होता."

"म्हणाले."

"पण मला ते कधीच 'वाढव' म्हणायचे नाहीत," तो घाईघाईनं म्हणाला, जणू कुणी काहीतरी हिसकावून घेत होतं. "मला 'मंगल कर' म्हणायचे. कायम 'मंगल कर'."

"अरे, सिस्टरला मारवाडी कुठे येत होती? तिच्याशी मराठीतच बोलले ते."

एवढं बोलून त्यांनी पालथ्या ताटाकडे पाहिलं.

दुकान 'बंद' करायचं नसतं. जुन्या बाजारात तो शब्द कुणी तोंडातून काढत नाही, अशुभ. मारवाडीत मंगल करतात, मराठीत वाढवतात. आणि हे काय अर्पितला ठाऊक नव्हतं? लहानपणी रोज ऐकलं होतं. त्याला 'मंगल कर' म्हणून झालं की बाबूजी भाईदासकडे वळायचे आणि म्हणायचे, 'चला नाना, वाढवा.' नंतर शोरूम झाले, काचा आल्या, पोरं 'सर, क्लोजिंग करू का?' असं विचारू लागली आणि तो शब्द कानाआड गेला. मरणाच्या दारातला माणूस शटरबद्दल बोलेल, असं कुणाच्या मनात येणार!

"जेवायला बोलवत होते तुला," सूरजबाई म्हणाल्या. "एवढंच."

अर्पितच्या छातीतून विचित्र आवाज निघाला. "नऊ वर्षं, बाई! नऊ वर्षं तू मला—"

"काय सांगणार होते?" त्यांचा आवाज चढला, आणि फुटला. "बाप वाट बघत उपाशी गेला नि तू फोन उचलला नाहीस, हे सांगू? तू पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून पडला होतास. मग सिस्टरचं ते वाक्य धरून उठलास. म्हटलं, चुकीचं का होईना, पोरगं उभं तरी राहिलं. पहिली पाटी दिलीस तसा भाईदास धावत आला माझ्याकडे. त्याला तेव्हाच कळलं होतं. मीच त्याला शपथ घातली." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "मला वाटलं होतं, एक दुकान काढशील नि थांबशील. तेव्हा त्या फोनच्या ओझ्याखाली मेला असतास. आता दुकानांखाली मरतोयस. मी किती दिवस बघू?"

दारात हर्षिता उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती पुढे आली नाही, मागेही गेली नाही.

अर्पितचा फोन वाजला. धुळ्याहून मयुरी, शोरूमची मॅनेजर. त्यानं तो क्षणभर हातात नुसता धरला, मग उचलला.

"सर, एक लग्नाची पार्टी रात्री येते म्हणतेय, मोठा सेट आहे. क्लोजिंग दहाला केलं तर चालेल ना?"

"मयुरी," तो म्हणाला, "दुकान वाढवा."

"हो सर! तेच तर! परवा नरडाण्याला आम्ही सगळे येतोय, हारसुद्धा सांगून ठेवलाय."

त्याला हसू आलं की रडू, त्याचं त्यालाच कळलं नाही. 'बंद कर' म्हणायला तोंड उघडलं, पण तो शब्द काही जिभेवर येईना.

"परवा नको येऊस. परवा काही नाही तिकडे," तो म्हणाला. "आत्ता शटर ओढा आणि सगळे घरी जा. तुझ्या घरी कोण असतं?"

"आई असते, सर." ती गोंधळली होती. "सर, काही झालंय का?"

"नाही. तिच्याबरोबर जेव आज."

त्यानं फोन ठेवला, तो हर्षितानं उचलून आपल्याकडे घेतला. खिडकीतून समोरच्या पाण्याच्या टाकीमागे सूर्य अजून बोटभर शिल्लक दिसत होता. अर्पितनं पालथं ताट सुलटं केलं. मधोमध भाईदासचं टिंबाटिंबांचं अक्षर होतं: 'चि. अर्पित', आणि खाली त्याच्या जन्माची तारीख. ताट लख्ख होतं. रोज कुणीतरी घासून ठेवत होतं.

आणि तेवढ्यात आवाज आलाच. रोजच्या वेळेला, कानाशी, तसाच दमलेला. 'दुकान वाढव.'

नऊ वर्षांत पहिल्यांदा अर्पितनं उत्तर दिलं. "आलो," तो म्हणाला.

सूरजबाई खिडकीकडे बघत होत्या.

त्यानं ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

"वाढ, बाई."